कोरड्या बुटांची माफी

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं. "मला पश्चात्ताप होतोय."

"कशाचा?"

"ते नंतर. आधी नुसतं म्हणा."

गिजऱ्यांनी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं, मग समोरच्या बशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "उपम्यात मीठ कमी आहे."

मी त्यांना गिजरेच म्हणते. लग्न झालं तेव्हा नाव घ्यायची लाज वाटायची आणि 'अहो'ला ते ओ देत नसत, म्हणून आडनाव तोंडात बसलं ते बसलंच. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसानं कुणाची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती. कुणाच्या पायावर यांचा पाय पडला तर "पाय मध्ये होता" म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्यांना राज्याच्या माफी मंडळापुढे उभं राहून पाच अनोळखी माणसांसमोर माफी मागायची होती. त्यातून ज्या गुन्ह्याची मागायची तो त्यांनी केलेलाच नव्हता. तो मी केला होता.

गुन्हा नऊ वर्षांपूर्वीचा, दोन हजार दोन सालचा. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका राज्यात आम्ही राहत होतो. गिजरे पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर, मी एका शाळेत मदतनीस शिक्षिका. घरी दीड दिवसाचा गणपती बसायचा आणि त्याचं विसर्जन न्हाणीघरातल्या बादलीत व्हायचं. त्या वर्षी मला बादली नको झाली.

"देवाला बादलीत घालून रात्रभर न्हाणीघरात ठेवायचं आणि सकाळी ते पाणी गुलाबाला ओतायचं. मला नाही जमायचं यंदा," मी म्हटलं.

"इतकी वर्षं जमलं की."

"वीस मैलांवर तळं आहे."

"बादली काय वाईट आहे?" गिजरे म्हणाले, पण गाडी काढली.

तळ्यावर पाट्या होत्या आणि मी त्या सगळ्या वाचल्या. पोहू नये, मासे धरू नयेत, कुत्री आणू नयेत, होडी घालू नये. गणपतीबद्दल कुठंही काही लिहिलेलं नव्हतं. गिजरे निषेध म्हणून गाडीतच बसून राहिले. मी एकटीनं आरती म्हटली, साडी खोचून गुडघाभर पाण्यात गेले, मूर्ती हळूच सोडली आणि उरलेला अर्धा किलो गुलाल पाण्यावर उधळला. पाणी संथ होतं, त्यामुळे लाल रंग चांगला लांबवर पसरला. मला फार बरं वाटलं.

ते तळं नव्हतं. एका अख्ख्या शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तो साठा होता. तशी पाटी पलीकडच्या फाटकावर होती. आणि अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम वर्ष झालेले ते दिवस असे होते की तिथं पाण्याच्या टाक्यांवरही बंदूकवाले पहारे बसले होते.

पहारेकरी धावत आला तेव्हा मी पाण्यातून बाहेर येत होते. साडी ओली, हातात पाट, बोटं लाल. गिजरे नुकतेच गाडीतून उतरून काठावर आले होते, हातात किल्ली. पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "हे पाण्यात कुणी टाकलं?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात गिजरे म्हणाले, "मी."

ही त्यांची जुनी खोड. प्रश्न मला विचारलेला असला तरी उत्तर त्यांनी द्यायचं. डॉक्टर मला विचारतात कुठं दुखतंय, हे सांगतात गुडघा. शेजारीण मला विचारते कशा आहात, हे सांगतात ठीक आहे. तेव्हा त्या दिवशीही खोडच बोलली असं मला वाटलं. पहारेकऱ्यानं खाली वाकून त्यांच्या बुटांकडे नीट पाहिलं. बूट कोरडे ठणठणीत होते. त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि बेड्या गिजऱ्यांनाच घातल्या.

मग पिवळे पोशाख घातलेली सहा माणसं आली. शहराचं पाणी सहा तास बंद राहिलं. त्यांनी लांब चिमट्यानं गणपती बाहेर काढला. शाडूचा होता, पण फार वेळ पाण्यात नव्हता. उजवा कान आणि मोदक तेवढा विरघळला होता. त्यांनी त्याला जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी मोहोरबंद केली आणि वर लिहिलं, पुरावा क्रमांक एक.

गुलाल म्हणजे रंगवलेलं पीठ आहे हे प्रयोगशाळेनं आठवड्यात सांगितलं. पण सार्वजनिक पाणीसाठ्यात परका पदार्थ मिसळणं हा तिथं मोठा गुन्हा, मग तो पदार्थ पीठ असो की देव. कोर्टानं दिलेला वकील म्हणाला, गुन्हा कबूल करा, दंडावर आणि शंभर तास बागेतला कचरा उचलण्यावर सुटाल. गिजऱ्यांनी सही केली. मी दोनदा म्हटलं, मी जाऊन खरं काय ते सांगते. दोन्ही वेळा ते म्हणाले, "गप्प बस." मला राग आला आणि त्या रागात मी गप्प बसले. ते सोयीचंही होतं, हे आज कबूल करते.

शंभर तास कचरा उचलून झाला, पण प्रकरण तिथं संपलं नाही. गिजरे अमेरिकेचे नागरिक नव्हते, ग्रीन कार्डावर होते. वकिलानं सांगितलं, असा गुन्हा नावावर असताना देशाबाहेर गेलात तर विमानतळावरून परत आत घेतीलच असं नाही. तेव्हापासून गिजरे भारतात गेले नाहीत.

भारतात म्हणजे कऱ्हाडजवळ, कृष्णेकाठी, त्यांच्या अक्का होत्या. गिजरे चार वर्षांचे असताना आई गेली आणि अक्कांनी त्यांना वाढवलं. त्यासाठी स्वतःचं लग्न आठ वर्षं लांबवलं. आता त्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि दर रविवारी फोनवर विचारायच्या, "दिगू, कधी येतोस रे?"

"कामं आहेत, अक्का," दिगंबर गिजरे सांगायचे. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी कामं होतीच. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. मधल्या काळात मी दोनदा एकटी जाऊन आले. दोन्ही वेळा अक्कांनी त्याच्यासाठी म्हणून सांडगी मिरची बांधून दिली आणि काही विचारलं नाही. मला त्यांच्याकडे नजर वर करून बघवलं नाही. दुसऱ्या खेपेला निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "आता फार दिवस नाहीत गं माझे. त्याला सांग कामं लवकर उरक."

म्हणून माफीचा अर्ज.

पहिला अर्ज गिजऱ्यांनी थेट राष्ट्राध्यक्षांना केला. तलाठ्याकडे काम अडलं की मुख्यमंत्र्यांना पत्र लिहायचं, या परंपरेतले ते. अर्ज नऊ पानी, शेवटी "सोबत: मूर्तीचा फोटो". दीड वर्षानं उत्तर आलं, तेही दोन ओळींचं. राज्याच्या कायद्याखाली झालेल्या शिक्षेला माफी देण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही.

"लढाई सुरू करता येते," गिजरे पत्र उलटसुलट करून बघत म्हणाले, "आणि अर्धा किलो गुलाल माफ करता येत नाही."

मग आम्हाला लोरेटा हॅलोरन भेटल्या. कोर्टात पस्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या बाई, च्युइंगम चघळत लोकांचे माफीचे अर्ज फुकट लिहून द्यायच्या. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फाइल पसरली आणि सगळं समजावलं.

"हे राज्याचं काम आहे, तेव्हा माफी गव्हर्नरच देऊ शकतात. पण आपल्या राज्यात त्यांनाही मनात आलं म्हणून देता येत नाही. आधी पाच जणांचं मंडळ शिफारस करतं, मग सही. आपले गव्हर्नर नोव्हेंबरात पडले, जानेवारीत घरी जातील. जाता जाता गव्हर्नरांचा हात सैल सुटतो. आत्ता नाही जमलं तर चार वर्षं विसरा."

"मी काय बोलायचं तिथं?" गिजऱ्यांनी विचारलं.

"चूक झाली, पश्चात्ताप होतो, पुन्हा होणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. मी केलंच नाही, हे म्हणायची ती जागा नव्हे. त्यासाठी कोर्ट आहे. मंडळ गुन्हेगारांना माफ करतं, निर्दोषांसाठी त्यांच्याकडे काही नाही."

"पण मी तर..."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. ते कळवळले. "पाय मध्ये होता," मी म्हटलं.

लोरेटाला खरं माहीत नव्हतं. त्या गेल्यावर मी गिजऱ्यांना समोर बसवलं आणि पश्चात्तापाची तालीम सुरू केली. तीन आठवडे तालीम चालली. माझ्या गुन्ह्याची माफी त्यांनी मागावी म्हणून मी त्यांच्याशी भांडत होते, आणि ते उपम्यातल्या मिठाची तक्रार करत होते.

सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आमच्या आधीच्या क्रमांकाचा माणूस बसला होता. उंची कोट, चांदीसारखे केस, बरोबर तीन वकील. त्यानं स्वतःच हात पुढे केला. ड्वेन पेटिग्रू. म्हाताऱ्या माणसांना त्यानं उतारवयातली घरं विकली होती, तळ्याकाठी, बागेसकट. फक्त ती बांधायची राहून गेली होती. गव्हर्नरांच्या निवडणुकीतला तो मोठा आधारस्तंभ, हे लोरेटानं माझ्या कानात सांगितलं.

पेटिग्रू आत गेला आणि अकरा मिनिटांत डोळे पुसत बाहेर आला. दार लागल्यावर त्यानं रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला.

"पहिलीच वेळ?" त्यानं गिजऱ्यांना विचारलं. "डावीकडच्या बाईंकडे बघून बोला, त्यांना अश्रू आवडतात. उजवीकडचा म्हातारा शेरीफ होता, तो देवाधर्माच्या गोष्टीनं विरघळतो. तुमच्याकडे देव आहे का एखादा?"

"पोलिसांकडे आहे," गिजरे म्हणाले.

आत लांब टेबलामागे पाच जण बसले होते. मध्ये अध्यक्ष मिसेस ओकली, डावीकडे अश्रूवाल्या बाई, उजवीकडे निवृत्त शेरीफ, आणखी दोघे. कोपऱ्यात मंडळाचा वकील, काटकुळा माणूस, आणि सगळं टिपून घेणारी एक मुलगी. मी मागच्या खुर्चीवर लोरेटाशेजारी बसले आणि मनात अथर्वशीर्ष सुरू केलं.

"मिस्टर गिजरे, तुम्हाला माफी कशासाठी हवी आहे?" मिसेस ओकलींनी विचारलं.

"बहिणीला भेटायचंय. ती एक्याऐंशी वर्षांची आहे."

हे चांगलं झालं. डावीकडच्या बाई पुढे सरसावल्या.

"झाल्या प्रकाराची जबाबदारी तुम्ही स्वीकारता?"

"कबुलीजबाबावर सही माझीच आहे."

"आणि तुम्हाला पश्चात्ताप होतो?"

गिजरे टेबलाकडे बघू लागले. लोरेटाचं च्युइंगम थांबलं. मी मागून ओठ हलवून दाखवत होते, पण ते वळले तर ना.

"सहा तास पाणी नव्हतं," शेवटी ते म्हणाले. "लोकांचे हाल झाले. त्याचं वाईट वाटतं."

"ते ठीक. पण तुमच्या स्वतःच्या कृत्याबद्दल?"

एवढ्यात उजवीकडच्या शेरीफनं फाइलमधून मान वर काढली.

"मला एक समजत नाहीये. पहारेकऱ्यानं लिहिलंय की तुमचे बूट कोरडे होते. मूर्ती सापडली काठापासून पंधरा फुटांवर. ती तिथवर गेली कशी?"

गिजऱ्यांनी क्षणभर विचार केला. "फेकली," ते म्हणाले.

यानंतर जे झालं त्याला माझा नाइलाज होता. इतकी वर्षं गप्प बसले होते, आणखी दहा मिनिटं बसायचं होतं. पण माझ्या घरचा गणपती, मी हातानं दुर्वांची जुडी वाहिलेला, आणि फेकला?

"फेकला?" मी उठून उभी राहिले. "गणपती कुणी फेकतं का? सरकारी कागदावर असलं लिहून घेतील ते!" हे मराठीत झालं. मग मी मंडळाकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "त्यांनी फेकला नाही. मी सोडला. दोन्ही हातांनी, हळूच. ते गाडीत बसले होते."

टिपून घेणाऱ्या मुलीचे हात थांबले. लोरेटानं डोळे मिटून घेतले.

काटकुळा वकील उठला. "बाई म्हणतात ते खरं असेल तर हे गृहस्थ निर्दोष आहेत. निर्दोष असतील तर माफ करण्यासारखं त्यांच्याकडे काही उरत नाही. त्यांनी कोर्टात जाऊन खटला पुन्हा उघडावा. तीन-चार वर्षं लागतील."

"मग मला माफ करा," मी म्हटलं.

"तुम्हाला शिक्षा झालेली नाही. जिला शिक्षाच नाही तिला माफी कशी देणार?"

"तर शिक्षा करा."

"मुदत संपली. आता तुमच्यावर खटला होऊ शकत नाही."

म्हणजे जिनं केलं तिला धरता येईना आणि ज्यानं केलं नाही त्याला सोडता येईना. मी खाली बसले. तीन-चार वर्षं. अक्कांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. नऊ वर्षांपूर्वी बोलायचं तेव्हा बोलले नाही, आणि आज गप्प बसायचं तर ते जमलं नाही.

डावीकडच्या बाईंनी फाइलमध्ये बघून विचारलं, "मिस्टर गिजरे, पहारेकऱ्यानं प्रश्न तुमच्या पत्नीला विचारला होता. मग उत्तर तुम्ही का दिलंत?"

मला वाटलं, आता हे म्हणणार, सवय.

"तिची शाळेतली नोकरी त्या ऑक्टोबरात कायम होणार होती," गिजरे म्हणाले. "गुन्हा नोंदलेली बाई शाळेत ठेवत नाहीत. तिला मुलं आवडतात. आम्हाला मूल नाही. तेवढंच सुचलं त्या वेळी."

मला हे माहीत नव्हतं. नऊ वर्षं एका घरात राहून, एका टेबलावर जेवून माहीत नव्हतं. नोकरी कायम झाली तेव्हा मी पेढे केले होते आणि हे म्हणाले होते, साखर जास्त आहे.

"तर मग तुमचं म्हणणं काय?" मिसेस ओकली जरा वैतागल्या होत्या. "गुन्हा तुमचा की नाही?"

"माझाच," गिजरे म्हणाले. "आमच्याकडे गणपती घरातल्या कर्त्या माणसाच्या नावानं बसतो. संकल्प माझ्या नावानं, प्रतिष्ठा माझ्या हातानं. विसर्जन कुणाच्याही हातानं झालं तरी ते माझं. शिवाय गाडी मी चालवली. वीस मैल. पाट्या तरी तिनं वाचल्या, मी त्याही वाचल्या नाहीत."

काटकुळ्या वकिलाचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही साथीदार होतात."

"साथीदार ती," गिजरे म्हणाले. "मुख्य मी."

"आणि पश्चात्ताप?" मिसेस ओकलींनी शेवटचं विचारलं.

गिजऱ्यांनी टेबलाची कड धरली. मग त्यांनी मंडळाकडे पाठ केली, जे करायचं नाही असं लोरेटानं दहा वेळा बजावलं होतं, आणि माझ्याकडे पाहिलं. पण बोलले इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं.

"त्या दिवशी मी तिला विचारलं नाही. परस्पर बोललो. नंतर ती दोनदा खरं सांगायला निघाली तर तिला गप्प बसवलं. मला वाटलं, मी तिच्यावर उपकार करतोय. पण या नऊ वर्षांत दोनदा अक्काच्या दारात मान खाली घालून तिला उभं राहावं लागलं, मला नाही. ते माझ्यामुळे झालं. आय ॲम सॉरी."

ती मुलगी भराभर टिपून घेत होती. डावीकडच्या बाईंनी पर्स उघडली आणि रुमाल शोधायला लागल्या. मला रुमाल सापडत नव्हता, म्हणून मी पदराला डोळे पुसले.

मंडळानं चार विरुद्ध एक मतांनी शिफारस केली. विरोधी मत शेरीफचं. बुटांचा खुलासा त्याच्या समाधानासारखा झाला नव्हता.

जानेवारीत, गव्हर्नरांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी, त्रेपन्न जणांची यादी निघाली. आदल्या दिवशी आम्हाला मुद्दाम बोलावून गव्हर्नरांबरोबर फोटो काढला होता. तो पहिल्या पानावर छापून आला: "हत्तीच्या तोंडाचा देव, गव्हर्नरांचं मोठं मन." मी खूश होते. लोरेटानं मात्र आतलं पान उघडून बोट ठेवलं. यादीत सत्तावीस नंबरला पेटिग्रू.

"म्हणून फोटो," त्या म्हणाल्या. "अशा नावावर पांघरायला काहीतरी लागतं. यंदा तुमचा गणपती लागला."

गिजरे लालबुंद झाले. "मला नको ही माफी. परत करता येते का?"

"घेण्याआधी नाकारता येते. तुम्ही सही करून घेतलीत ना?"

सही सकाळीच झाली होती, माफीपत्र घेऊन आलेल्या टपालवाल्याच्या वहीत, अंगावर गाऊन असताना. गिजरे दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, अक्कांना काय सांगू, पेटिग्रूमुळे येत नाही म्हणून? तेव्हा कुठं पानावर बसले.

पेटिग्रूचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. एप्रिलमध्ये त्याला पुन्हा पकडलं. म्हाताऱ्यांना घरांची चित्रं त्यानं टपालानं पाठवली होती, आणि तिथं टपाल राज्याचं नसतं, देशाचं असतं. टपालातून केलेली फसवणूक माफ करणं कुठल्याच गव्हर्नरच्या हातात नाही. गिजऱ्यांनी ती बातमी कात्रीनं कापून फ्रिजवर लावली.

"आता त्यानं राष्ट्राध्यक्षांना लिहावं," ते म्हणाले. "नऊ पानं तरी लिहावीत."

मार्चमध्ये पोलिसांचा फोन आला होता, पुरावा क्रमांक एक घेऊन जा म्हणून. मालखान्यातल्या माणसानं फडताळातून पिशवी काढून काउंटरवर ठेवली. उजवा कान नाही, मोदक नाही, बाकी जसाच्या तसा. सगळा काळ तो एका चोरीच्या सायकलीशेजारी बसून होता. म्हणजे विसर्जन अर्धवटच राहिलेलं. मी पिशवीतूनच नमस्कार केला. त्या सप्टेंबरात आम्ही विमानात बसलो तेव्हा तो माझ्या मांडीवर होता.

अक्का दारातच उभ्या होत्या. गिजरे पाया पडायला वाकले ते लवकर उठलेच नाहीत. अक्कांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "केस गेले की रे सगळे." मग चहा पिताना विचारलं, "आता सांग, इतकी वर्षं कुणी अडवलं होतं तुला?"

गिजरे माझ्याकडे बघत राहिले. मी मान वर केली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तळं, गुलाल, पिवळे पोशाख, पाच जणांचं मंडळ. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गणपती पाण्यात सोडला, हा गुन्हा?" त्या म्हणाल्या. "मग काय झाडावर ठेवतात तिकडं?"

आणि चहात साखर हवी का विचारलं.

दीड दिवसाच्या विसर्जनाला आम्ही त्या गणपतीला घेऊन नदीवर गेलो. अक्कांसाठी प्लॅस्टिकची खुर्ची घेतली होती. घाटावर ग्रामपंचायतीचा फलक होता: नदीत मूर्ती विसर्जन करू नये. बाजूला पत्र्याचा गोल हौद, आत निळा कागद अंथरलेला, त्यात पाणी, आणि शेजारी वही घेतलेला पंचायतीचा माणूस.

गिजऱ्यांनी त्या हौदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती एक मोठी बादलीच होती, आणि तो शब्द त्यांच्या ओठापर्यंत आलेला मला स्पष्ट दिसला. सगळं मिळून दहा वर्षं, एक खटला, एक गव्हर्नर, आणि शेवटी बादलीच. त्यांनी तो शब्द गिळला.

"कुणाचा गणपती?" वहीवाल्यानं विचारलं.

"गिजऱ्यांचा," मी म्हटलं.

"सोडणार कोण हाय?"

प्रश्न गिजऱ्यांनाच विचारला होता. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"ओ काका, कोण सोडतंय?"

"त्यांना विचारा," गिजरे म्हणाले.

वहीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हटलं.

हौद काठोकाठ भरलेला होता. दोन्ही हातांनी मी मूर्ती हळूच आत सोडली, तसं पाणी काठावरून सांडलं आणि शेजारी उभ्या गिजऱ्यांच्या पायांवर आलं. ते मागे सरले नाहीत.

"दिगू, बूट भिजले तुझे," अक्का खुर्चीवरून म्हणाल्या.

"भिजू देत," गिजरे म्हणाले.